साळूबाईचं उलथणं

“राज्यं उलथतात ती कशानं? जे काही असेल ते उद्या दरबारात माझ्यासमोर आणून ठेवा! नाहीतर सगळे हद्दपार!” धुरंधरराजे आपल्या पंडितांवर कडाडले.

राजांनी घाबरायला कारणही होतं. शेजारचं आणखी एक राज्य नुकतंच उलथलं होतं. अशा राज्यांचा अभ्यास करायला पंडितमंडळी वर्षभर राजवाड्यात मुक्कामाला होती, आणि हा अभ्यास दोन्ही वेळा तुपासकट चालला होता. बाहेर दुष्काळ पडलेला. धान्य पुरावं म्हणून राजांनी कोठाराला कुलूप घातलं होतं, अर्थात फक्त रयतेपुरतं.

दुसऱ्या दिवशी गदाधरशास्त्री पुढे आले. “महाराज, राज्यं ग्रहांमुळे उलथतात.”

“मग आणा ग्रह!”

शास्त्रीबुवा मागे सरकले. दुसरे पंडित म्हणाले, “तलवारीमुळे, महाराज!”

“तलवारी तर त्या राजांकडेही होत्या! माझ्यापेक्षा लांब!”

तिसऱ्यांनी घसा खाकरला. “महाराज, काळाची गती...”

“असं का? कुठं ठेवलीय ती?”

तेही मागे सरकले. तेवढ्यात मुदपाकखान्यातून साळूबाई तरातरा आली. रोज या पंडितांसाठी भाकऱ्या थापायच्या आणि घरी उपाशी पोरांकडे रिकाम्या हातानं जायचं, याचा तिला भयंकर संताप आला होता. तिनं हातातलं उलथणं राजांच्या पायाशी ठेवलं.

“हे घ्या म्हाराज! ह्यानंच उलथतंय!”

दरबार खो खो हसला. गदाधरशास्त्री म्हणाले, “अगं, यानं भाकरी उलथतात! राज्य नव्हे!”

“व्हय की! तव्यावर भाकरी हाय तवर हे भाकरीच उलथतंय. पर तवाच रिकामा पडला, तर ह्यानं काय नुसतं बसून ऱ्हायाचं? मग हे दुसरं कायतरी उलथाय बघतंय!”

हसणं थांबलं. राजे सिंहासनावर जरा सावरून बसले. पण राजेच ते!

“प्रधानजी! राज्यातलं घरोघरचं उलथणं आजच्या आज जप्त करा!”

प्रधानजी निघालेसुद्धा.

“करा की!” साळूबाई म्हणाली. “आमच्या बाया हातानं बी उलथत्यात!”

राजांनी चटके बसून काळवंडलेल्या तिच्या बोटांकडे पाहिलं. मग जे हसू फुटलं, ते आवरेना. मुकुट पार कानावर आला. त्यांनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

“घे! आजपासून कोठार तुझ्या ताब्यात. आधी सगळ्यांचे तवे तापू देत!”

गदाधरशास्त्री हळूच म्हणाले, “महाराज, आमचा अभ्यास अजून अपुरा आहे. थोडी मुदत...”

“दिली! पण आता भाकरी आपापली थापायची!”

साळूबाई उलथणं उचलायला वाकली, तसे राजे घाईनं म्हणाले, “ते राहू दे इथंच! तुला चांदीचं देतो. पण यावर माझी नजर असलेली बरी!”