भिवा साळिंदराची काकडी

माणसाला अजून पेरणी ठाऊक नव्हती, त्या काळची ही गोष्ट. भिवा नावाचा साळिंदर आपल्या बिळापुढे काकडीचे वेल लावी. बियाणं त्याच्या आईनं दिलेलं. पण वर्षागणिक काकड्या आखूड आणि कडू होत चालल्या. यंदा तर पोरांनी पहिलाच घास थुंकून टाकला. "मातीच बिघडली," असं म्हणत भिवा बिऱ्हाड हलवायला निघाला.

तेवढ्यात ओढ्यापलीकडे राहणारी त्याची बहीण गोदी हातभर लांब काकडी घेऊन आली. फोड तोंडात टाकताच भिवा चमकला. लहानपणी खाल्लेली तीच चव!

"हे बियाणं कुठलं गं?"

"आईचंच. तुला-मला निम्मं निम्मं नव्हतं का दिलं?"

भिवाच्या अंगावरचे काटे सर्रकन उभे राहिले.

"दादा, तू बियाण्याला कोणती काकडी ठेवतोस?"

"खाऊन उरेल ती. वाकडी, किडकी. चांगली काकडी कुणी वाया घालवतं का?"

"सगळ्यात गोड वेलावरची देखणी काकडी मी तोडतच नाही. वेलावरच पिकू देते," गोदी हळूच म्हणाली.

भिवानं बांधलेलं बिऱ्हाड पुन्हा सोडायला घेतलं. आईचं बियाणं मातीनं नासवलं नव्हतं. ते त्यानंच गिळलं होतं, दरवर्षी, मिटक्या मारत.

गोदीनं त्याला मूठभर बी दिलं. पुढच्या पावसाळ्यात गोड काकड्या लागल्या आणि त्यातली एक देखणी काकडी बियाण्याला राखायची ठरली. त्याच सकाळी भिवा धापा टाकत गोदीच्या दारात हजर झाला.

"ती पिवळी होईपर्यंत मला इथंच ठेवून घे," तो म्हणाला. "घरी राहिलो तर खाईन."