आबांच्या कमरेचा दोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनाही नावं पडली नव्हती.

एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं. कड्याच्या कपारींत आग्या मोहोळं लोंबत. गावकरी दोराला लटकून खाली उतरत आणि मध काढत. म्हणून त्या गावात दोर वळायला शिकवणारी शाळा होती. तिथल्या म्हाताऱ्या गुरूंना सगळी मुलं आबा म्हणत.

शाळेची एक रीत होती. शिष्याने वळलेल्या पहिल्या दोरावरून आधी आबा स्वतः उतरत. मगच तो दोर मध काढणाऱ्यांच्या हाती जाई.

"माझ्या शिकवण्यावर मीच लोंबकळलो नाही, तर दुसऱ्याने का लोंबकळावं?" असं ते म्हणत.

गोंदा हा आबांचा लाडका शिष्य. त्याने दोरासाठी आणलेली अंबाडीची ताटं डोहात भिजत टाकली आणि तो मामाच्या गावी जत्रेला गेला. जत्रेत असा रमला, की परतायचं भान राहिलं नाही. येऊन पाहतो तर अंबाडी कुजलेली. दोर वळायला लागणारे धागे, म्हणजे वाख, धड असा थोडाच निघाला, आणि नवी अंबाडी मिळायला वर्ष जाणार होतं. गोंदाने कुजका वाख आत दडवला, चांगला वरून घेतला आणि पीळ दिला. दोर पाहत राहावा असा झाला.

परीक्षेच्या दिवशी मध काढणाऱ्यांच्या नाईकाने दोरावरून हात फिरवला. "पोरा, नवरीची वेणी घातलीस की काय?"

गोंदाला हसू आलं नाही. आबा तो दोर कमरेला बांधत होते.

"आबा, आज वारा फार आहे."

"कड्यावर वारा रोजच असतो, बाळा."

"तुमचा गुडघा दुखतोय ना?"

"दोर कमरेला बांधायचाय, गुडघ्याला नाही."

मुलं हसली. आबा कड्याच्या टोकाशी गेले. गोंदाने धावत जाऊन त्यांचा हात घट्ट धरला.

"उतरू नका आबा. आत कुजका वाख आहे. मीच घातलाय."

"तरीच म्हटलं, गोंद्याचा दोर एवढा देखणा कसा," मागून कुणीतरी टोमणा मारला.

आबांनी कमरेचा दोर सोडला आणि त्याला दगडांनी भरलेली पाटी बांधून खाली सोडली. अर्ध्यातच दोर तुटला. दगड पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने वर आला.

आबा गोंदाकडे वळले. "आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलो असतोच. दोन दिवस बोललोही नसतो. पण मग जेवायला हाक मारलीच असती ना रे." त्यांनी त्याला जवळ ओढलं.

गोंदा त्या वर्षी नापास झाला. पुढच्या वर्षी त्याने नवा दोर वळला. आबा त्यावरून उतरून सुखरूप वर आले. नाईक दोर निवडायला आला, तेव्हा गोंदा आपणहून म्हणाला, "काका, इथे पीळ जरा सैल पडलाय."

बाकीची मुलं आपापल्या दोराची तारीफ करत होती. नाईकाने सगळे दोर पाहिले.

"यांच्या दोरांत काही खोट असलीच, तर ती मला कड्याखाली कळेल," तो म्हणाला. "तुझ्या दोरातली इथेच कळली. तेवढा पीळ घट्ट करून दे. मला हाच हवा."

मुलांनो आणि मोठ्यांनो, आपली खोट जो आपणहून सांगतो, त्याच्याच हाती लोक आपला जीव सोपवतात.