एकाच अक्षरातले फॉर्म

मुंबईतल्या एका एफएम केंद्राचे प्रमुख वर्तकसाहेब म्हणजे आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस. संध्याकाळी सहाचा रॉकचा तास बंद करायचं ठरवून त्यांनी श्रोत्यांच्या पाहणीचा गठ्ठा निवेदिका शर्वरी गुंजाळपुढे आपटला. "पाचशे घरं आहेत. रॉक ऐकणारा एक माणूस दाखव, तास चालू ठेवतो."

शर्वरीने फॉर्म चाळले. "सर, घरात माणसं पाच, पण अक्षर एकाचंच. सगळ्यांचं घरातल्या कर्त्यानेच भरून टाकलंय." मग तिने एक फॉर्म पुढे सरकवला. "हा तुमच्या घरचा. ऋताच्या नावापुढे भावगीतं लिहिलंय. तिला विचारलं होतंत?"

स्वतःचं वळणदार अक्षर पाहून वर्तकसाहेबांना मान वर करवेना. एकोणीस वर्षांच्या लेकीला विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"मग शहर रॉक ऐकत नाही असं म्हणू नका, सर. शहरातल्या बापांनी विचारलं नाही, एवढंच म्हणा."

त्यांनी खालमानेनेच घरी फोन लावला. "ऋता, तू रेडिओवर काय ऐकतेस गं?"



"सहाचा रॉकचा तास, बाबा. तुम्ही जिना चढायला लागलात की बंद करते."