धरून की सोडून

"मग देश डोळ्यांदेखत रसातळाला चाललाय, आणि आपण नुसतं बघत बसायचं का, काका?"

बाबलकाका सुपारी कातरत होते. जरा थांबले, पुन्हा कातरू लागले.

दुपारची वेळ. रवळनाथाच्या देवळात त्या दोघांखेरीज कोणी नव्हतं. सोमवारी जत्रा, म्हणून खांब धुऊन पुसून ठेवलेले.

विचारणारे पद्माकर नेरूरकर मास्तर. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली. समोरचा बोलायला लागला की आधी त्याचं व्याकरण तपासायचं आणि मग म्हणणं ऐकायचं, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नव्हती. शाळेतून उरलेल्या वेळात पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. पद कधी मागितलं नाही, आणि न मागणाऱ्याला ते कोण देतो?

बाबलकाका घाडी पंच्याऐंशीचे. जत्रेला गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते एकेक मागणं मांडत आणि जमलेला गाव प्रत्येक मागण्यामागे "व्हय म्हाराजा!" म्हणे. शाळेत ते दुसरीपुढे गेले नव्हते. तरी मास्तर अडले की त्यांच्याकडेच येत, आणि हे गावात कोणाला कळणार नाही एवढी काळजी घेत.

"यंदा देशासाठी वेगळं गाऱ्हाणं घाला," मास्तर म्हणाले.

"देशाक काय झाला?"

एवढंच निमित्त हवं होतं. मास्तर सुटले.

"काय व्हायचं राहिलंय? सकाळी एका झेंड्याखाली, संध्याकाळी दुसऱ्या. निवडून दिलेली माणसं सभागृहात बाह्या सरसावतात. नवी पिढी म्हणते, जुनं तेवढं मोडा. देव नको, रीत नको, वडीलधारी नकोत. आणि ज्यांच्यासाठी मी चाळीस वर्षं उन्हातान्हात हिंडलो, ते माझेच लोक आज देवाचं नाव घेऊन शिव्या देतात. अडवायला गेलो तर म्हणाले, मास्तर, तुमचा जमाना गेला. काका, मला झोप लागत नाही. हे घर आतून पोखरत चाललंय."

बाबलकाकांनी मान हलवली.

"खरा आसा. तुमचा भय खोटा नाय."

मास्तरांना बरं वाटलं. आठ महिन्यांत कोणी त्यांना असं म्हटलं नव्हतं.

आठ महिने म्हणजे चतुर्थीपासून. त्यांची एकुलती एक मुलगी शाल्मली पुण्यात वकिली करते. मोर्च्यांत दिसते, आणि मास्तर ज्यांना मत देतात त्यांच्याविरुद्ध भाषणं करते. चतुर्थीला घरी आली होती. जेवताना विषय निघाला. ती हसत हसत काहीतरी बोलली आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यासारख्यांनीच आमचा देश विकायला काढलाय."

पानावरचा मोदक तसाच ठेवून ती उठली. त्यानंतर तिचा फोन मास्तरांना आला नाही. बायकोला येतो, तेव्हा ती मागल्या पडवीत जाऊन हळू आवाजात बोलते आणि मास्तर वर्तमानपत्र चाळत बसतात. जत्रेला साऱ्या माहेरवाशिणी येतात. यंदा ही येणार का, हे विचारायचा धीर त्यांना झाला नव्हता.

बाबलकाकांनी बाजूचा नारळ उचलून मास्तरांच्या हातात दिला.

"तुमच्यासारख्या बोलूक माका येणा नाय. तुमीच घाला गाऱ्हाणा. मी 'व्हय' म्हणतंय."

"मी? मान तुमचा..."

"जत्रेक मान. आज आपण दोघाच आसव. घाला."

मास्तर उभे राहिले. सदरा सारखा केला, घसा खाकरला. भाषण करायचं म्हटलं की त्यांच्या अंगात अजून पंचविशी संचारायची.

"हे रवळनाथा महाराजा! आमच्या या पुण्यभूमीवर आज घोर संकट ओढवलेलं आहे. ज्या दुष्प्रवृत्तींनी आमच्या देशाचे लचके तोडले, आमच्या परंपरांची विटंबना केली, त्यांचा समूळ नायनाट कर, महाराजा!"

ते थांबले...

कुठूनच काही आलं नाही. बाबलकाका अडकित्त्याला लागलेला सुपारीचा भुगा झाडत होते.

"काका, 'व्हय' म्हणायचं राहिलं."

"तोंडातसून भायर येवक नाय."

"का? शब्द जड झाले?"

"शब्द बरे होते." बाबलकाकांनी वर पाहिलं. "एक सांगा, मास्तरांनू. आमचो देश म्हणालास. आमचो म्हणजे कसो? माका धरून की सोडून?"

मास्तरांना हसू आलं. प्रश्न त्यांच्या खास मुलखातला होता. फळ्यासमोर उभं राहावं तसे ते बोलू लागले.

"सोपं आहे, काका. मराठीत दोन शब्द आहेत. 'आपला' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. 'आमचा' म्हणजे ऐकणाऱ्याला..."

वाक्य अर्धंच राहिलं.

पस्तीस वर्षं हा नियम त्यांनी पोरांकडून घोकून घेतला होता. परीक्षेत दोन गुणांना घातला होता. चुकणाऱ्याला बाकावर उभं केलं होतं.

"...सोडून," ते म्हणाले.

"मगे देवाकय भायर काढलास," बाबलकाका म्हणाले, आणि त्यांचं बोळकं हसलं.

मास्तर ओशाळले. पण ते पडले हुशार. चूक सापडली की दुरुस्त करायची, त्यात काय मोठं? नारळ पुन्हा नीट धरला.

"रवळनाथा महाराजा! आपला हा देश, आपली ही रीत... ज्यांना हे कळत नाही त्या सर्वांना सद्बुद्धी दे, महाराजा!"

पुन्हा 'व्हय' आलं नाही. आढ्यावर एक पारवा घुमला तेवढाच.

"आता काय चुकलं?" मास्तर चिडले. "'आपला' म्हटलं ना? वाईट कोणाचं मागितलं नाही. मग 'व्हय' म्हणायला तुमचं काय जातंय?"

बाबलकाका रागावले नाहीत. त्यांनी पान उलटं केलं, शिरा काढल्या, चुना लावला. मग अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "ह्या आपल्यात शाल्मली इली?"



मास्तरांच्या हातातला नारळ एकाएकी जड झाला. त्यांनी तो छातीशी धरला. गाभाऱ्यात समई तेवत होती, तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"तिचं चुकतंय, काका," ते म्हणाले. "आजही मला वाटतं, तिचं चुकतंय."

"चुकत आसात. मी खय नाय म्हणतंय?"

"मग मी काय मागू?"

बाबलकाकांनी विड्याची घडी घातली. पण विडा तोंडात टाकला नाही. हातातच धरून ठेवला आणि वाट बघू लागले...

मास्तर देवाकडे वळले. घसा खाकरला नाही, सदरा सारखा केला नाही. तोंडातून जे आलं ते त्यांच्या आईच्या बोलीत आलं. शाळेच्या आवारात पाऊल ठेवलं तेव्हापासून ही बोली ते कधी चारचौघांत बोलले नव्हते.

"बा देवा म्हाराजा... माका भय वाटता. ह्यो देश पुढे कसो रवतलो, ता माका कळणा नाय. माझा चेडू शाल्मली माझ्या इरोधात उभा आसा. माझा बरोबर की तेचा, ता तू बघ. पण तेका धरून... तेका धरून ह्यो आपलो देश आसा, म्हाराजा. तेका जत्रेक घेवन ये."

पुढे काही मागायचं उरलं नव्हतं.

बाबलकाकांनी विडा बाजूला ठेवला. खांबाला धरून, गुडघ्यांना सांभाळत उठले, मास्तरांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले.

"व्हय म्हाराजा."