गोड्या विहिरीचे तीन थर

पश्चिमेच्या समुद्रात एक जुने बेट होते. भोवती जिकडे तिकडे पाणी, पण पिण्याजोगे पाणी एकाच विहिरीत. त्या विहिरीपाशी म्हाळसा नावाची पाथरवटीण राहत होती. नवरा गेल्यापासून टाकी-हातोडा तिनेच हाती घेतला होता. दगड घडवण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. खोड एकच, नसत्या चौकशांची. भिंत दिसली की ती कोणी बांधली, का बांधली, हे कळेपर्यंत बाईला चैन पडत नसे.

बेटावर दळपत नाईकाचा अंमल होता. माणूस वाईट नव्हता, पण एकदा त्याच्या डोक्यात खूळ शिरले. फार पूर्वी तलवारी घेऊन आलेल्या लोकांनी हे बेट जिंकले होते. त्यांची एकही खूण ठेवायची नाही, असे त्याने ठरवले. आधी त्यांचा बुरूज पाडला. त्याने कोणाचे काही अडले नाही, म्हणून लोकांनीही टाळ्या पिटल्या. मग त्याची नजर विहिरीकडे वळली. तिचे वरचे चिरे त्याच लोकांनी बसवलेले होते.

नाईकाने म्हाळसेला बोलावले. "परक्यांचे दगड तेवढे उपटून काढ. आपले ठेव."

"कोणते कुणाचे, ते आत उतरून बघावं लागेल," म्हाळसा म्हणाली. तिला निमित्तच हवे होते.

ती दोर धरून उतरली आणि दिवसभर आतच रमली. वर टाकीने घडवलेले चिरे होते, चुन्यात इतके घट्ट बसवलेले की सांध्यात नख शिरू नये. त्याखाली भाजक्या विटा. बंदरावरच्या पडक्या वखारीत होत्या तशाच, म्हणजे जुन्या व्यापाऱ्यांच्या. आणि अगदी तळाशी किनाऱ्यावरून वेचलेले गोटे, फटींत शिंपले कोंबलेले. ते इथे पहिल्याने राहायला आलेल्यांचे. वाऱ्याने वाळू साचून जमीन वर चढत गेली, तशी प्रत्येकाने आधीच्यांच्या भिंतीवर आपली भिंत चढवली होती. म्हाळसेला एका गोष्टीचे नवल वाटत राहिले. तलवारी घेऊन आलेल्यांनी खालची एक वीटही हलवली नव्हती. लुटायला आलेल्यांना इतका जपून सांधा का घालावासा वाटला असेल? त्यांनाही तहान लागत असणार, दुसरे काय.

वर येऊन ती म्हणाली, "वरचे चिरे काढले तर चारी बाजूंची वाळू आत ढासळेल. विहीर बुजेल. मी पहार लावणार नाही."

नाईकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "उद्या सकाळपर्यंत पहार लागली नाही, तर तुला होडीत बसवून समुद्रात सोडून देईन."

म्हाळसा घाबरली. या बेटाबाहेर तिचे कोणी नव्हते. हो म्हणून मोकळे व्हावे, असे मनात आलेही. पण बायका घागरी घेऊन समोरच उभ्या होत्या.

"द्या सोडून समुद्रात," ती म्हणाली. "पण आधी एकदा स्वतः उतरून बघा. आपले दगड तुम्हीच मला दाखवा. तेवढे ठेवून बाकीचे मी काढते."

सगळे ऐकत होते. नाईकाला माघार घेता येईना. तो अंगाने भरलेला, म्हणून दोराला चार गडी लागले. आत म्हाळसेने त्याला चिरे दाखवले, विटा दाखवल्या, गोटे दाखवले. हळूहळू नाईकही चौकशा करू लागला. शिंपले कशाला कोंबले? विटेवर ही बोटाची रेघ कोणी ओढली? तो प्रत्येक थरावरून हात फिरवत होता.

शेवटी त्याने हळूच विचारले, "मी यातल्या कोणाचा?"

"मला टाकीचा घाव ओळखता येतो, नाईक. रक्त नाही."

"बरं. मग यातले आपले दगड कोणते?"

"तुमच्या-माझ्या हयातीत इथं एकही दगड बसलेला नाही. आपल्या आज्यांच्या हयातीतही नाही. आणि वाळू तर आता काठाला टेकलीय."

नाईकाला लाज वाटली. वर आल्यावर सगळ्यांदेखत त्याने म्हाळसेला विचारले, "चांगला दगड कुठल्या खाणीत मिळेल?"

तात्पर्य: आधी आलेल्यांपैकी आपला कोण आणि परका कोण, हे ठरवण्याआधी माणसाने स्वतः काय भर घातली ते पाहावे.