कोंडाईची गारगोटी

फार वर्षांपूर्वी, गावच्या ओढ्यावर पूल नव्हता पण ओढ्यात पाणी बारमाही होतं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पोटाशी वेळूसर नावाचं गाव. तिथे कोंडाबाई नावाची एक विधवा राहायची. शेत नाही, गुरं नाहीत. तिच्या होत्या फक्त सात तलंगा. तलंग म्हणजे वयात आलेली, पण अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. त्या अंडी देऊ लागल्या की अंडी देऊन ज्वारी आणायची, मीठ आणायचं आणि कुणापुढे पदर न पसरता जगायचं, एवढाच तिचा बेत.

पण वेळूसरात एक वाईट रीत होती. निंबाईच्या जत्रेच्या सकाळी पाटलाचा माणूस दारोदार फिरायचा आणि म्हणायचा, "अंडं दाखवा, न्हाईतर तलंग द्या." अंडंही त्याच सकाळचं हवं, हाताला ऊन लागणारं. जिचं अंडं दिसलं नाही ती तलंग वांझ, आणि वांझ कोंबडी पाटलाच्या पातेल्यात. ही रीत म्हणे देवीनं घालून दिली. देवीच्या नावावर काय काय खपतं! निंबाई बिचारी भाजी-भाकरीच्या निवदावर खूश होती.

आणि वेळूसरात अंडं दाखवता कुणालाच यायचं नाही. उजाडलं की खुराडी उघडायची आणि तलंगा रानात पसार व्हायच्या. एखादीनं चुकून घरी अंडं घातलंच, तर ते थंड व्हायच्या आत घरातलंच कुणीतरी उचलायचं. दुसऱ्या दिवशी ती जाळीत जाऊन घालायची आणि ते मुंगसाच्या पोटात जायचं. वर्षानुवर्षं पाटील रस्सा ओरपत होते आणि गाव आपल्या कोंबड्यांना शिव्या घालत होतं.

त्या साली जत्रेला महिना होता, तेव्हा पाटलाचा माणूस शिदू कोंडाबाईच्या अंगणात आला आणि तलंगांकडे बघून मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "यंदा साती आमच्याच."

कोंडाबाई तडक चावडीवर गेली. हैबतराव पाटील पान जुळवत बसले होते.

"पाटील, तलंगा देनार न्हाई."

पाटील हसले. "मग अंडी दाखव, कोंडे."

"दाखवीन. जत्रंदिवशी सातच्या सात. न्हाई दिसली तर गाव सोडून जाईन. दिसली तर तुमची रीत मोडायची."

"मोडली," पाटील म्हणाले. त्यांना वाटलं, फुकटची करमणूक आहे.

बोलून तर बसली, पण करायचं काय? दुसऱ्या दिवशी कोंडाबाई आपल्या भुऱ्या तलंगेच्या मागे रानात गेली आणि करवंदीच्या जाळीआड दबून बसली. भुरीनं एक खळगा पाहिला, सोडला. दुसरा पाहिला, सोडला. तिसऱ्यात एक पांढरी गारगोटी पडली होती, अंड्याएवढी, अंड्यासारखी गोल. भुरीनं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि तिथेच बसली. उठली तेव्हा गारगोटीशेजारी अंडं होतं.

कोंडाबाईनं कपाळावर हात मारला. "जिथं अंडं ऱ्हातं, तिथंच ती भरवशानं बसती. आपन रोज तिला लुटतो, आन वर तिलाच वांझ म्हनतो!"

तिनं ओढ्यातून सात गारगोट्या वेचल्या. सात टोपल्यांत भाताचा पेंढा घातला, प्रत्येकीत एक गारगोटी ठेवली आणि टोपल्या घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मांडल्या. कासराभर दिवस वर आल्याशिवाय तलंगांना ती बाहेर सोडेना. संध्याकाळी त्या आपणहून घरी याव्यात म्हणून मूठभर कण्या आणि शिंपल्यांचा चुरा टाकी. बायका पाणवठ्यावर हसल्या, "कोंडाबाईच्या कोंबड्या दगडं उबवाय बसल्यात गं!" ती म्हणाली, "हसा. दात दिसतात तोवर हसून घ्या."

वीस दिवसांत सातही तलंगा टोपल्यांत बसू लागल्या. ही बातमी शिदूला लागली. जत्रेला दोन दिवस उरले असताना, कोंडाबाई पाण्याला गेलेली पाहून तो घरात शिरला, टोपल्या लाथाडल्या आणि सातही गारगोट्या ओढ्यात भिरकावून दिल्या. तलंगा बिथरल्या, आढ्यावर जाऊन बसल्या.

कोंडाबाई रडली नाही. कंबरेवर हात ठेवून ओढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "माझं मला दे." असं म्हणतात, की सात गारगोट्या पाण्याच्या धारेला उलट्या, चढाला लोळत आल्या आणि तिच्या पायाशी थांबल्या. आणि त्या ऊन होत्या, असंही म्हणतात.

जत्रेची सकाळ झाली. अख्खं गाव कोंडाबाईच्या दारात लोटलं. एकेक तलंग उचलून ती अंडं दाखवू लागली. एक, दोन, करता करता सहा. सातव्या टोपलीत भुरी होती. तिच्याखाली नुसती गारगोटी.

"सहाच," पाटील म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "आन ती हिकडं."

कोंडाबाईनं भुरीऐवजी गारगोटी त्यांच्या तळहातावर ठेवली. "धरा. थांबा."

"कुठवर?"

"तिचं हुईस्तवर. तुमी कधी थांबलाच न्हाईत पाटील, म्हनून तुमच्या गावात समद्या वांझ."

गावात पाटलाला असं कुणी बोललं नव्हतं. पाटील संतापले, गारगोटी फेकायला गेले, तर मूठ उघडेना. असं म्हणतात, की दोन गड्यांनी बोटं ओढली तरी उघडेना. ऊन चढलं, पाटलांचा फेटा घामानं भिजला, पण गाव हललं नाही आणि कोंडाबाईही हलली नाही.

सूर्य डोक्यावर आला आणि भुरी कलकलली. तिच्याखाली सातवं अंडं होतं. त्याच घटकेला रानातून, परसांतून, गंजींमागून गावातली प्रत्येक तलंग कलकलली आणि पाटलांची मूठ आपोआप उघडली. एका टोपलीत कोंबडाही जाऊन बसला होता, असं काही जण सांगतात. पण ते चावडीवरच्या रिकामटेकड्यांनी मागाहून जोडलेलं आहे.

त्या दिवशी रीत मोडली. कोंडाबाई पुढे कोंडाई झाली. वेळूसरात आजही नवं खुराडं बांधलं की आधी आत पांढरी गारगोटी ठेवतात, मग कोंबडी सोडतात. पहिलं अंडं दिल्याशिवाय तलंगेवर कुणी सुरी धरत नाही. आणि जत्रेच्या सकाळी पाटलाच्या घरातला वडील पुरुष कोंडाईच्या दारातल्या ओट्यापाशी येतो, भर गावात हात पसरतो आणि म्हणतो, "अंडं दाखवा, न्हाईतर तलंग द्या." तेव्हा त्या वर्षी गावात आलेली सगळ्यांत नवी सून पुढे होते. एरवी ती त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देणार नाही. पण त्या सकाळी मान वर करून ती त्याच्या हातावर गारगोटी ठेवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "धरा. थांबा."

मग एखादी कोंबडी कलकलेपर्यंत पाटील उन्हात उभे राहतात.