चिचुंद्री म्हणाली, वास माझा नाही!

एक होती गाडी.
गाडी निळी. गाडी म्हातारी.
चढाला लागली की खोकायची, खुर्र खुर्र.
उताराला लागली की हसायची, खुळ्ळ खुळ्ळ.

गाडी राहायची डोंगरावरच्या गावात. तिथं थंडी फार. म्हणून गाडीत एक छोटा डबा होता. कुठं? पुढं, पाय ठेवतात ना, तिथं आत. इंजिनाचं गरम पाणी नळीतून यायचं. डब्यात फिरायचं. आणि गाडीत ऊब यायची. उन्हात वाळवलेल्या गोधडीसारखी ऊब.

त्या गाडीत, सीटखाली, राहायची एक चिचुंद्री.
एवढीशी. करडी.
डोळे मोहरीएवढे. दिसायचं कमी.
पण नाक! नाक हे असं लांब. सुं सुं सुं! नाकाला सगळं कळायचं.
तिचं घर चिंध्यांचं. एक चिंधी लाल, एक चिंधी पिवळी, आणि वर लोकरीचा एक धागा.

एकदा काय झालं? गाडीत वास आला.
गोड गोड वास. गोड, पण नकोसा.

भिवाकाका गाडी चालवायचे, माणसं न्यायचे-आणायचे. त्यांनी नाक धरलं.
"अरे बापरे! कसला हा वास?"
काकांनी उदबत्ती लावली. वास गेला नाही.
लिंबू कापून ठेवलं. वास गेला नाही.
काच खाली केली. थंडी आत आली, पण वास काही बाहेर गेला नाही.
मग काकांनी सीटखाली वाकून बघितलं.
"ही बघा! चिचुंद्री! चिचुंद्री म्हटली की वास आलाच. हिचाच हा वास!"

काकांनी चिंध्या उचलल्या आणि फेकल्या. भिर्रर्र!
लाल चिंधी कुंपणावर. पिवळी चिंधी चिखलात. लोकरीचा धागा गेला वाऱ्यावर.
आणि चिचुंद्री पडली खाली. टप्प!

रडली का? नाही.
पळाली का? नाही.
चाकासमोर उभी राहिली. मागच्या दोन पायांवर. नाक वर.
"चुंई! वास माझा नाही!"
"मग काय माझा?" काका म्हणाले.
"तुमचा वास लसणीच्या चटणीचा. माझा वास कुबट. हा वास गोड. हा तुमचा नाही, माझा नाही. काका काका, इंजिनावरचं झाकण उघडा."
"का गं उघडू?"

"वास कुठला कळेना,
घर माझं मिळेना!"

काका म्हणाले, "मेस्त्री आल्याशिवाय मी झाकण उघडणार नाही. जा, पळ!"
"नाही तर नाही!" चिचुंद्री म्हणाली. "मी काही हटायची नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली मेस्त्रीकडे.
बशीरमेस्त्री बसले होते गॅरेजच्या दारात. चहा पीत होते. फुर्र फुर्र.
"मेस्त्री मेस्त्री, गाडीकडे चला."
"का गं चलू?"

"झाकण काही उघडेना,
वास कुठला कळेना,
घर माझं मिळेना!"

मेस्त्री म्हणाले, "कसा येऊ बाई? माझ्या पान्यांच्या पेटीवर बोका झोपलाय. काल उठवायला गेलो, तर हे बघ." त्यांनी बोट दाखवलं. बोटाला पट्टी. "बोका उठल्याशिवाय मी हलणार नाही."
"नाही तर नाही! मी काही हटायची नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली बोक्याकडे.
बोक्याकडे! अरे देवा! बोका तर केवढा! मिशा केवढ्या! नखं केवढी!
बोक्याने एक डोळा उघडला. नाक पुढं केलं. हुंगलं. आणि...
"शी! फुस्स! तुला कोण खाईल? केवढा तुझा वास!"
"आहेच मुळी!" चिचुंद्री म्हणाली. "माझा वास माझा आहे. म्हणून तर तू मला खात नाहीस. बोक्या बोक्या, पेटीवरून ऊठ."
"का गं उठू?"

"मेस्त्री काही हलेना,
झाकण काही उघडेना,
वास कुठला कळेना,
घर माझं मिळेना!"

बोका म्हणाला, "इथं ऊन आहे. ऊन आहे तोवर मी इथं आहे. सावली आल्याशिवाय मी उठणार नाही. सावली पाहिजे तर ताडपत्रीला सांग." आणि परत झोपला. घुर्र घुर्र.
"नाही तर नाही! मी काही हटायची नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री चढली बांबूवर.
बांबूवर, पेटीच्या बरोबर वर, होती ताडपत्री. गुंडाळलेली. लांबच लांब, गलेलठ्ठ.
"ताडपत्री ताडपत्री, खाली पसर."
"का गं पसरू?"

"बोका काही उठेना,
मेस्त्री काही हलेना,
झाकण काही उघडेना,
वास कुठला कळेना,
घर माझं मिळेना!"

ताडपत्री म्हणाली, "मला बांधलंय बघ. पोटाला दोरी, दोरीला गाठ. गाठ सुटल्याशिवाय मी पसरणार नाही."
"नाही तर नाही! मी काही हटायची नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली गाठीकडे.
गाठ होती छोटीशी. पण तोरा केवढा!
"गाठी गाठी, सूट."
"का गं सुटू?"

"ताडपत्री पसरेना,
बोका काही उठेना,
मेस्त्री काही हलेना,
झाकण काही उघडेना,
वास कुठला कळेना,
घर माझं मिळेना!"

गाठ म्हणाली, "मी पावसात भिजले. उन्हात वाळले. आता घट्ट झाले, घट्ट. उंदराने कुरतडल्याशिवाय मी सुटणार नाही!"
"नाही तर नाही! मी काही हटायची नाही!"

दमली का चिचुंद्री? दमली हो. पाय दुखले का? दुखले. पण थांबली का? म्हणा बघू तुम्हीच. ...नाही!

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली उंदराकडे.
उंदीर राहायचा जुन्या टायरात. मिशा पुसत बसला होता.
"उंदीरमामा उंदीरमामा, गाठ कुरतडायला चला."
"का गं चलू?"

"गाठ काही सुटेना,
ताडपत्री पसरेना,
बोका काही उठेना,
मेस्त्री काही हलेना,
झाकण काही उघडेना,
वास कुठला कळेना,
घर माझं मिळेना!"

उंदराने शेपटीने नाक झाकलं. "हूं! तुझ्याबरोबर? चार लोक काय म्हणतील? तू वासाची. मी येणार नाही."
"पण कुणी आल्याशिवाय? कुणी काही केल्याशिवाय? सगळे असंच म्हणतात. तुम्ही पण म्हणा ना! म्हणजे मी पुढं जाईन."
"आल्याशिवाय नाही, गेल्याशिवाय नाही. मी येणार नाही म्हणजे नाही!"

आता? आता पुढं कुणीच नाही.
चिचुंद्री एकटी. खाली बसली. इवलं नाक थरथरलं.

"उंदीर काही येईना,
गाठ काही सुटेना,
ताडपत्री पसरेना,
बोका काही उठेना,
मेस्त्री काही हलेना,
झाकण काही उघडेना,
वास कुठला कळेना,
घर माझं मिळेना!"

मग तिने जीभ फिरवली दातांवरून. हळूच. एक दात. दुसरा दात. टोकदार!
"अय्या!" चिचुंद्री उठली. "उंदराला दात, तर मला पण दात! कशाला हवा उंदीर?"

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली गाठीकडे.
"ए, तू उंदीर नाहीस!" गाठ म्हणाली.
"नाहीच मुळी. मी चिचुंद्री आहे!"
करर करर. करर करर. तोंडात धागे आले. थू! परत करर करर.
थोडं थांबली. श्वास घेतला. परत करर करर.

आणि, फट्ट!

गाठ सुटली.
ताडपत्री पसरली. फडफड फडफड, धप्प!
सावली आली. बोक्याला गार लागलं. "म्यांव! कुणी नेलं माझं ऊन?" बोका उठला.
मेस्त्रींनी चहा संपवला, पेटी उचलली. खडखड खडखड. मेस्त्री हलले.
काकांनी मेस्त्रींना बघितलं. काकांनी झाकण उघडलं. कुईंईं!

मेस्त्री वाकले. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. या नळीला हात लावला. त्या नळीला हात लावला. हात कोरडा.
"भिवादादा, इथं काही नाही. सगळं कोरडं."
"बघ! मी म्हटलं नव्हतं? वास हिचाच!"

अरे रे! एवढं सगळं झालं, तरी...

"वास कुठला कळेना,
घर माझं मिळेना!"

काकांनी झाडू उचलला. "आता जातेस का नाही?"
चिचुंद्री झाडूसमोर उभी राहिली. मागच्या दोन पायांवर. नाक वर.
"नाही! मी काही हटायची नाही! तुम्ही डोळ्यांनी बघता. मी नाकाने बघते. सरका बाजूला!"

आणि झाडूखालून सुळ्ळकन गाडीत!
सुं सुं. सीटखाली? नाही.
सुं सुं. दाराशी? नाही.
सुं सुं सुं. पाय ठेवायची जागा. तिथं चटई. चटई ओली!
सुं सुं सुं सुं. चटईच्या वर, आत, अंधारात, गरम पाण्याचा तो छोटा डबा.
"चुंई! इथं! इथं! इथं!"

मेस्त्रींनी हात आत घातला. कोपरापर्यंत. बाहेर काढला. हात हिरवा! हात चिकट!
मेस्त्रींनी हात हुंगला. "गोड!"
काकांनी हात हुंगला. "गोड!"
बोका पण आला मागून. चाटायला जीभ काढली त्याने.
"अंहं!" मेस्त्री ओरडले. "जीभ लावायची नाही कुणी! वास गोड, पण विष आहे हे. हे गाडीचं पाणी, थंडीत गोठू नये म्हणून रसायन घातलेलं. गाडीनेच प्यायचं."
बोक्याने जीभ आत घेतली.

"भिवादादा, या डब्याची नळी चिरलीये. ठिबक ठिबक, सगळं पाणी चटईत. अजून थोडं गेलं असतं ना, तर गाडी मोठ्या चढावर तापली असती. तुम्ही आणि तुमची माणसं, तिथंच अडकला असता."
काकांनी झाडू हळूच मागे लपवला.

मेस्त्रींनी चिरलेली नळी काढली. नवी नळी घातली. पट्टी आवळली, किर्र किर्र. हिरवं पाणी भरलं, गडप गडप. हात साबणाने धुतले. चटई साबणाने घासली आणि उन्हात टाकली.
काकांनी गाडी चालू केली. खुर्र खुर्र. ऊब आली. सगळ्यांनी नाक वर केलं. सुं सुं सुं.
गोड वास? गेला!

"आता माझं घर," चिचुंद्री म्हणाली. "लाल चिंधी. पिवळी चिंधी. लोकरीचा धागा. तुम्ही फेकलंत, तुम्हीच आणा."
"अगं, मी नवीन चिंध्या देतो की."
"नको. माझ्या त्याच पाहिजेत. मी काही हटायची नाही!"

मग काय करतात काका! कुंपणावर चढले, लाल चिंधी आणली. चिखलात उतरले, पिवळी चिंधी धुतली, पिळली, वाळवली. लोकरीचा धागा काही सापडेना. वाऱ्याने कुठं नेला कोण जाणे. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. लोकरीची होती. तिचा एक धागा ओढला. सर्रर्र!
"हा चालेल का, चिचुंद्रीबाई?"
चिचुंद्रीने धागा हुंगला. लसणीच्या चटणीचा वास!
"चालेल," ती म्हणाली. "चुकलं म्हणा आधी."
"चुकलं गं बाई," काका म्हणाले. आणि सीटखाली हाताने घर लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत एक मावशी चढल्या. मांडीवर भाजीची टोपली. बसल्या आणि नाक मुरडलं.
"काय हो भिवाभाऊ? कसला हा कुबट वास?"
सीटखाली चिचुंद्री उभी राहिली. मागच्या दोन पायांवर. नाक वर. म्हणणारच होती काहीतरी.
पण काकाच बोलले.
"तो होय? तो आमच्या चिचुंद्रीचा. आणि तो काही हटायचा नाही!"

गाडी लागली चढाला, खुर्र खुर्र.
बोका गेला उन्हाला, घुर्र घुर्र.
चिचुंद्री शिरली चिंध्यांत, चुंई.
तुम्ही शिरा गोधडीत. गोष्ट आपल्या घरी पोचली.